डेकोरेटरने फक्त नोंद करावी : बंदरावरच्या काट्यांचा अनुभव

रत्नागिरीतल्या एका मच्छीमार संस्थेचं वजन-नोंदणीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की इलेक्ट्रॉनिक काट्यांचे संदेश धडाधड येतात: वजन आलं, काटा शून्यावर आला, टोपली बदलली. प्रत्येक संदेशासाठी पायथनच्या क्लासमध्ये एक मेथड (क्लासमधलं फंक्शन) आणि तिच्या डोक्यावर तिची नोंद करणारा डेकोरेटर, म्हणजे फंक्शन हातात घेऊन ते किंवा त्याच्या जागी दुसरं परत देणारं फंक्शन. ऐन हंगामात हे सगळं रेंगाळायला लागलं. लिलाव कुणासाठी थांबत नाही. आकडा उशिरा दिसला की बोली पुढे गेलेली असते.

पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या, तेव्हा सीप्रोफाइल (कोडमध्ये वेळ कुठे जातो ते दाखवणारं पायथनचं साधन) लावून बसलो. आधीपासूनच्या त्या कोडमध्ये डेकोरेटर प्रत्येक मेथड दुसऱ्या फंक्शनात (रॅपरमध्ये) गुंडाळत होता. म्हणजे दर संदेशाला एक जादा कॉल, वर आर्ग्युमेंटांसाठी नवा टपल, नवी डिक्शनरी. त्याहून वाईट म्हणजे, डेकोरेटरने नोंदीची खूण लावलेली मेथड शोधायला दर वेळी ऑब्जेक्टची सगळी नावं धुंडाळली जात होती.

खरं तर डेकोरेटर क्लास तयार होताना एकदाच चालतो. वेळ मोजायची किंवा परवानगी तपासायची असेल तर गुंडाळणं ठीक. नुसत्या नोंदीसाठी त्याने फंक्शनवर खूण लावावी आणि तेच फंक्शन परत द्यावं. मग कॉलच्या वेळी त्याचा काहीच भार उरत नाही.

अडचण एकच: डेकोरेटर चालतो तेव्हा क्लास जन्मलेलाच नसतो, म्हणून कुठल्या संदेशाला कुठली मेथड हा क्लासचा तक्ता त्याला भरता येत नाही. इथे पायथन ३.६ मध्ये आलेली '__इनिट_सबक्लास__' ही सोय कामी आली. नवा सबक्लास तयार झाला की ती आपोआप चालते. तिच्यात मी पालक क्लासच्या तक्त्याची प्रत काढतो (प्रतच हवी, नाहीतर भावंडं क्लास एकमेकांच्या नोंदी बिघडवतात) आणि खुणा असलेल्या मेथड त्यात भरतो. तक्त्यात फंक्शन नाही, मेथडचं नाव ठेवतो. आमच्याकडे दोन बनावटींचे काटे आहेत. एकाच्या सबक्लासने वजनाची मेथड बदलली तरी नावावरून बदललेलीच सापडते. संदेश आला की डिक्शनरीत एकदा बघायचं, गेटअ‍ॅटरने (नावावरून ऑब्जेक्टमधली गोष्ट देणारं फंक्शन) मेथड घ्यायची, बोलवायची. बस्स.

नारळी पौर्णिमेनंतर गर्दीत पुन्हा प्रोफाइल काढलं. रॅपर आणि शोधाशोध यादीतून गेली होती. आता सगळ्यात वर डेटाबेस आहे, कारण दर वजनाला वेगळा कमिट (बदल पक्का करण्याची क्रिया) होतो. पुढचा हात तिथेच घालणार आहे.