अडचणीचा रकाना

मंगळवार, रात्री

उद्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे जायचंय म्हणून ह्यांची बायपासनंतरची आहाराची वही फाइलमध्ये ठेवायला घेतली. न्याहारी, दुपार, रात्र आणि शेवटी ‘पथ्य पाळताना आलेली अडचण’ असा रकाना. आजवर त्यात नुसती रेघ असायची. कालच्या पानावर मात्र त्या बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘जेवताना घरचे बघत असतात.’

घरात माणसं दोन. त्यातलं एक जेवतंय. मग बघणारं कोण उरलं?

लागलंच मला ते. दुपारभर भांडी आपटून झाली, तरी जाईना. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर. त्यातच ब्रेड, बिस्किटं, चटणी सगळं आलं. म्हणून मी सकाळीच दोघांचं मिळून दीड चमचा वाटीत काढून ठेवते आणि त्यात दिवस भागवते. भाकरीत मीठ नाही. आमटीला आमसूल जरा जास्त, भाजीला लसूण-जिऱ्याची फोडणी, वरून लिंबू. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, कॅनवर पेनाने खुणा केल्यात. पापड बंद झाला, कारण मीठ कमी घातलं तरी पापडखारातून सोडियम जायचं ते जातंच. एवढं करून मी कुठे, तर अडचणीच्या रकान्यात. तेही नाव न घेता.

बाकीच्यांना मात्र रकाना नाही. वन्सं रविवारी चकल्यांचा डबा घेऊन आल्या, ‘एका चकलीने काय होतंय गं?’ त्यांना कोणी अडचण म्हणत नाही. अमेयने तिकडून लो-सोडियम मिठाची लिंक पाठवली. बरं झालं मॅडमना विचारलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि ह्यांच्या बीपीच्या गोळीने ते आधीच वाढू शकतं, म्हणून नको म्हणाल्या. सैंधवही नको, रंग गुलाबी असला तरी शेवटी मीठच. आणि ह्यांचं स्वतःचं म्हणाल, तर जन्मात एकादशी न धरलेला हा माणूस हल्ली कालनिर्णयमध्ये चतुर्थी शोधतो. भक्ती कसली, साबुदाण्याची खिचडी! वर मलाच ऐकवतात, ‘उपासाला नाही म्हणू नये.’ नाही म्हटलं की मी बघणारी.

हो, बघते. त्या रात्री घामाने भिजलेला बनियन मी काढलाय. रिक्षात... जाऊ दे, ते आज नको. पण त्यानंतर माझे डोळे आपोआप ताटाकडे जातात, त्याला मी काय करू? माझ्या बीपीची गोळी घेतली का, हे कोणी विचारल्याचं आठवत नाही. तेही जाऊ दे.

घरचे बघत असतात म्हणे.

संध्याकाळी राहवलं नाही, विचारलंच. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘मॅडम म्हणाल्या, खरं लिहा. मी खरं लिहिलं.’ मी काही बोलले नाही. मग पेपर खाली ठेवला. ‘तिथे हॉस्पिटलात व्यायामाला छातीला तारा लावून चालवतात. पडद्यावर रेघा पळतात, सिस्टर बघते, डॉक्टर बघतात. दर दोन मिनिटांनी विचारतात, श्रम किती वाटले, ६ ते २० मध्ये सांगा. ते ठीक आहे, ते त्यांचं कामच आहे. घरी आल्यावर निदान घास तरी कुणी मोजू नये.’

त्या ६ ते २० चं ह्यांना भारी कौतुक. ६ म्हणजे स्वस्थ बसलेलं, कारण तेव्हा नाडी ६०च्या आसपास असते, असं आल्यागेल्याला समजावतात. हल्ली घरातही तेच चालतं. जिना १२. वन्संचा फोन १५. परवाचं अळणी वरण १७. आता माझ्या बघण्याचा आकडा विचारावासा वाटला होता, पण म्हटलं राहू दे, खरं सांगतील.

आत्ता लिहिताना आठवतंय, मॅडमच्या खोलीतसुद्धा प्रश्न सगळे मलाच असतात. ‘काकू, तेल किती लागतं? काकू, रात्री काय देता?’ आणि बायपास ज्यांची झाली ते भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे बघत बसलेले, शेजारच्यांचा विषय चालल्यासारखे. मॅडम मुलगी चांगली आहे, तिची चूक नाही. स्वयंपाक मी करते, म्हणून हिशेब मला. पण मग पथ्य माझं होतं आणि पळवाट ह्यांची. असं कसं चालेल? ज्या माणसाने एका रुपयाचा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत खातेवह्या उलथ्यापालथ्या केल्या, त्याच्या हातात मी मिठाची वाटी दिलीच नाही कधी.

म्हणून आज दिली. तेलाचा कॅनही दिला. म्हटलं, ‘घ्या, आता तुम्हीच काढून द्यायचं. उद्या मॅडमना उत्तरंही तुम्हीच द्या. मी तक्ता बघते.’

लगेच रंगात आले की! चमचा भरून वर सुरीची पाठ फिरवली. वहीत मागच्या पानावर पट्टीने रेघा मारून मिठाला एक रकाना, तेलाला एक. दोडक्याच्या भाजीला वाटीतलं जेवढं दिलं तेवढ्यात भागवावं लागलं. भाजी अळणीच झाली, आणि मिटक्या मारत खाल्ली. मी केली असती तर १७. मी ताटाकडे बघितलं नाही. खिडकीकडे तोंड करून जेवले.

जेवणं होता होता म्हणाले, ‘तू लोणचं घेतलंस.’

म्हटलं, ‘माझं आहे.’

‘वाटी दोघांची आहे. एक फोड धरतो.’ आणि खरंच उठून लिहून आले.

मला बीपी आहे हे ह्यांना ठाऊक आहे तर. मॅडम म्हणालेल्याच होत्या, दोघांचं जेवण एकच ठेवा, जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, मग तेवढ्याच मिठाची चव लागायला लागते. होईल सवय.

बरणी कपाटात मागे सरकवून ठेवलीय. सकाळी हे फिरायला गेले की फोड घेईन.