एक्सेल, ट्रेलो आणि आमच्या आंब्याच्या पेट्या

गेले दोन सीझन आमचा देवगडचा आंबा दलालाकडे कमी आणि थेट गिऱ्हाइकाकडे जास्त जातो. टीम म्हणजे आबा, मी, चुलत भाऊ, वहिनी, पॅकिंगच्या दोघी आणि टेम्पोवाला.

ऑर्डरींची नोंद ठेवायची सुरुवात अर्थात गूगल शीटने केली, एक्सेलसारखीच, फुकट आहे आणि सगळ्यांच्या फोनवर चालते. पहिला घोळ लगेच. पेटीच्या कॉलममध्ये 5-6 लिहिलं, म्हणजे पाच-सहा डझनी, तर शीटने त्याची तारीखच करून टाकली! हसू नका, एक्सेलच्या याच खोडीपायी 2020 च्या सुमारास माणसाच्या काही जनुकांची नावं बदलावी लागली, 'मार्च1' वगैरे टाइप केलं की तारीख व्हायची. आम्ही कॉलम प्लेन टेक्स्ट केला, विषय संपला.

दुसरा घोळ महाग पडला. भावाने फक्त नावांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला, नावं हलली, पत्ते होते तिथेच राहिले आणि ठाण्याची पेटी पुण्याच्या गाडीत चढली. व्हर्जन हिस्टरीतून शीट परत आणली हो, पण गाडी तोवर फोंडाघाट चढून गेलेली. त्यात रंगांची भानगड, भावाचा हिरवा म्हणजे पॅक झालं आणि वहिनीचा हिरवा म्हणजे पैसे आले, आता बोला.

मग आयटीतल्या मित्राच्या सांगण्यावरून गँट चार्टवालं, म्हणजे प्रत्येक काम तारखांवर आडव्या पट्टीने दाखवणारं, एक मोठं टूल घेतलं. टास्क, ड्यू डेट, एकाला एक जोडलेल्या पट्ट्या, बघायला झकास. पण ढग आले की काढणी पुढे ढकला, ऊन तापलं की आढीतला माल आधीच तयार, आणि मी रात्री बसून पट्ट्या सरकवतोय. आबा म्हणाले, "आंबो तुझ्या ॲपाक इचारून पिकतलो काय?" तिसऱ्या दिवशी बंद केलं. इमारत बांधणाऱ्यांना ते लागत असेल, आम्हाला नाही.

शेवटी ट्रेलो, म्हणजे एका बोर्डावर कामाची कार्डं एका लिस्टमधून दुसरीत सरकवायचं ॲप. ऑर्डर आली, आढीत, पॅक, गाडीत, पोचली, अशा पाच लिस्ट आणि एका ऑर्डरचं एक कार्ड. काम कुठल्या टप्प्यावर आहे ते कार्डाने दाखवायची ही मुळात कानबानची पद्धत, टोयोटाच्या कारखान्यातली. पॅकिंगवाल्या ताई अंगठ्याने कार्ड सरकवतात, मला "झालं का?" म्हणून फोन करावा लागत नाही, शीटमध्ये नेमकं हेच कळत नव्हतं की आता काम कोणाच्या हातात अडकलंय. पण एकूण किती डझन गेले, खोक्यांचा खर्च किती, हे बोर्डाला विचारून उपयोग नाही, त्यामुळे पैशाचा हिशोब शीटमध्येच ठेवलाय आणि ती फक्त वहिनी एडिट करते, बाकीच्यांना नुसतं बघता येतं, भावाला तर मुद्दाम!

जूनमध्ये पाऊस लागला की बोर्ड रिकामा होतो. शीट मात्र गणपतीपर्यंत उघडीच, कारण उधारीवाले.