खुर्ची आडवी व्हायच्या आत

दाढ दुखायला लागली की कोल्हापुरात डॉक्टरांचा नंबर बराच उशिरा लागतो. त्याआधी लवंग येते, मग कापूर, मग शेजारच्या काकूंच्या मिठाच्या गुळण्या, मग मेडिकलमधून कापून आणलेल्या दोन गोळ्या. शेवटी कट्ट्यावरचा कुणीतरी निकाल देतो, "काढून टाक की भावा! बत्तीस हायत, एक गेली तर काय बिघडतंय?" असा निकाल देणाऱ्यानं स्वतःची दाढ मात्र वर्षभर गोळ्यांवर जपलेली असते.

लवंगेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यातल्या युजेनॉलनं ठणका खरंच कमी होतो. दाताचे डॉक्टर जे तात्पुरतं सिमेंट भरतात, त्यातही बऱ्याचदा तेच असतं. दवाखान्यात शिरताच नाकात जाणारा वास पुष्कळदा त्याचाच. पण लवंग ठणका गप्प बसवते, कीड आपली आत निवांत पुढं सरकत राहते.

राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टर मॅडमकडं बाकावर बसलं की लक्षात येतं, लोक इथं दुखणं घेऊन येतच नाहीत, उपचार ठरवून येतात. "काढायची आहे." "फक्त साफ करायचंय, दुसरं काय करू नका." दाराच्या आत पाऊल टाकायच्या आधी "किती होतील?" मॅडमचं उत्तर ठरलेलं, "आधी बघू तर द्या." आणि एकदा त्या बघायला लागल्या की आपलं बोलणं संपलं. तोंडात आरसा, गालाखाली कापूस आणि थुंकी ओढणारी नळी. एवढ्या सरंजामात माणसाला फक्त 'आँ' म्हणता येतं, आणि त्या 'आँ'चा अर्थ होकार, नकार, 'दुखतंय' किंवा 'पुरे आता' यातला कुठलाही असू शकतो. त्यामुळं काय सांगायचं ते खुर्ची आडवी व्हायच्या आत.

सांगायचं काय, इथंच घोळ असतो. मॅडम विचारतात, "शुगर आहे? बीपीची गोळी? रक्त पातळ व्हायची?" समोरचा मनात म्हणतो, दाढेला काय करायचंय बीपीचं? पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर बऱ्याचदा आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली काही औषधं अशी असतात, की दात काढल्यावर जबड्याची जखम भरायलाच वेळ लागतो. आणि मधुमेहाचं तर हिरड्यांशी दोन्हीकडून भांडण: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. गोळ्या मात्र आपण स्वतःहून कधी बंद करायच्या नाहीत, असंही मॅडम लगेच बजावतात. नाहीतर माणसं दोन दिवस आधी हुशारी करून येतात.

मॅडमचं खरं कसब मला दिसलं ते एका मावशींच्या वेळी. कागलकडच्या असाव्यात, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. "मिश्री लावता का?" असं विचारलं असतं तर "न्हाय वो" हेच उत्तर आलं असतं, कारण सोबत सून होती. मॅडमनी विचारलं, "मावशी, मिश्री दिवसातनं किती वेळा?" मावशींनी पदर तोंडाशी नेला, सुनेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दोन डाव... मागनं जरा दुपारची." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे मॅडमनी मग आवाज न चढवता सांगितलं. गालाची आतली बाजू बोटानं चाचपून पाहिली, पांढरा चट्टा नाही ना याची खात्री केली. "बरं न होणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली तर दुखत नसली तरी यायचं," म्हणाल्या. दुखत नसली तरी, हे त्यांनी सुनेकडं बघून परत एकदा सांगितलं.

दुखलं नाही की आपल्या लेखी दात उत्तम. ब्रश करताना रक्त आलं की आपण ती जागा सोडून ब्रश फिरवतो. तिथं साका आणखी साठतो, हिरडी आणखी सुजते. बहुतेक वेळा तिथंच मऊ ब्रशनं नीट घासायला हवं असतं. आणि दात साफ केले की ते हलायला लागतात, ही समजूत तर आमच्या गल्लीत कायद्यासारखी आहे. दगडासारखं झालेलं कीटण दातांच्या फटी बुजवून बसलेलं असतं. ते निघालं की फटी जिभेला लागतात आणि माणूस म्हणतो, डॉक्टरनं दात सैल केले. ते सैल आधीच झालेले असतात, कीटणानं फक्त झाकून ठेवलेले. वरची दाढ काढली की नजर जाते, हे तर विचारूच नका. दातांच्या नसा वेगळ्या, नजरेची वेगळी.

स्वतःहून विचारण्यासारखे प्रश्न मला दोनच वाटतात: हे आत्ता नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल? एवढं विचारलं की मॅडम एक्स-रे उजेडात धरून दाखवतात. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे का, सिमेंट भरून भागेल की रूट कॅनाल आणि वर कॅप लागेल, सगळं कळतं. खर्चही तेव्हाच विचारावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि आकडा ऐकून अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल नंतर जास्त महागात जातं.

कोल्हापूरकराचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. "तिखट बंद का?" तिखटाचा यात गुन्हा नाही, असं मॅडम सांगतात तेव्हा निम्म्या माणसांचं दुखणं तिथंच पळतं. गुन्हेगार साखर, त्यातही किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. दर खेपेला तोंडातले जंतू आम्ल करतात आणि अर्धा तास तरी दाताचं वरचं कवच सोसत राहतं. तेव्हा गुळाचा खडा जेवणाबरोबर खावा. दुकानात बसून दिवसभर घोट घोट गोड चहा, हे वाईट.

परवा एकांची दाढ काढून झाली. गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा दाबलेला. मॅडम सांगत होत्या: चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, नाहीतर जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते, गरम, तिखट बंद. गृहस्थांनी मान हलवली, कागद घेतला, दारापर्यंत गेले आणि बोळ्यातूनच म्हणाले, "तांबडा न्हाय, कळलं. पांढरा?"

"कोमट करून. परवापासनं," मॅडम म्हणाल्या.

"आणि मटण?"