डीएसएलआर की सुपरझूम? बाबांसाठी कॅमेरा घेतानाचा माझा अनुभव

बाबांना पक्षी बघायचा नाद लागला तो रिटायर झाल्यावर. आधी नुसतेच बघायचे, मग ८ बाय ४२ ची दुर्बीण आली, मग वही आली, वहीत तारीख आणि वेळ टाकून नोंदी सुरू झाल्या. त्यांच्या गच्चीवरून लांबवर एक टॉवर दिसतो, त्यावर एका जोडीनं घरटं केलं होतं आणि ती घार आहे की दुसरा कुठला शिकारी पक्षी यावर त्यांचा आणि त्यांच्या मित्राचा रोज वाद. दुर्बिणीतून आकार दिसायचा पण खात्री होईना. एक दिवस सहज म्हणाले, "टिपून ठेवता आलं असतं तर निवांत बघता आलं असतं गं." मी म्हटलं बाबा, कॅमेरा मी आणते, तुम्ही फक्त वापरा. याला अडीच महिने लागतील असं तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं.

माझ्या डोक्यात डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पक्का होता. मोठा सेन्सर (उजेड टिपणारा कॅमेऱ्यातला भाग) म्हणजे चांगला फोटो एवढं मला माहीत होतं आणि ते खरंच आहे. निकॉनच्या डी ३५०० सारख्या सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मि.मी. असतो आणि बहुतेक सुपरझूम ब्रिज कॅमेऱ्यांचा (लेन्स कायमची बसवलेली आणि झूम खूप लांब जाणारा) साधारण ६.२ बाय ४.६ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळात जवळपास १३ पट फरक. मी बाबांना सांगितलं की पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, पण एकीकडे परात ठेवलीय आणि दुसरीकडे वाटी, परातीत जास्तच पाणी साठणार ना, उजेडाचंही तसंच. त्यांना ते लगेच पटलं.

मग ते म्हणाले, "बरं, पण झूम किती?" इथे मी अडकले. कारण डीएसएलआरबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स म्हणजे तीनच एक्स, आणि ब्रिजच्या खोक्यावर ५० एक्स, ६५ एक्स, ८३ एक्स असे आकडे. दोनतीन रात्री वाचल्यावर कळलं की एक्स म्हणजे फक्त त्या लेन्सचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक, वस्तू किती मोठी दिसेल ते त्यातून कळतच नाही. ७०-३०० ची लेन्स जेमतेम चार एक्सची आणि तरी १८-५५ पेक्षा कितीतरी लांबचं आणते. खरी तुलना करायची तर दोन्हीकडचा फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते ते सांगणारा मि.मी. मधला आकडा) एकाच मापात, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मच्या हिशोबात आणायचा. निकॉनच्या छोट्या डीएसएलआरवर दीडनं गुणायचं, कॅननवर १.६ नं. म्हणजे निकॉनवर ७०-३०० चं लांबचं टोक ४५० झालं, कॅननवर ५५-२५० चं ४०० झालं. आणि निकॉन कूलपिक्स पी ९०० या २०१५ मधल्या ब्रिजचं टोक थेट २०००!

हे सगळं मी बाबांना दुर्बिणीच्या भाषेत सांगायला गेले. ५० मि.मी. म्हणजे साधारण नुसत्या डोळ्यासारखं धरतात, तर ४०० म्हणजे आठ पट. हे ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या दुर्बिणीत दिसतं तेवढंच ना? मग टॉवरचं भांडण कसं मिटणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन लेन्सच्या किटची ऑर्डर मी जवळजवळ टाकलीच होती, ती तिथेच थांबली. लांबच्या पक्ष्यासाठी कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकानं हा भागाकार आधी करावा असं मला मनापासून वाटतं, कारण ३०० हा आकडा ऐकायला फार मोठा वाटतो.

यावर उत्तर असतं की डीएसएलआरचा फोटो क्रॉप करता येतो, म्हणजे हवा तेवढाच भाग कापून घेता येतो, २४ मेगापिक्सेल आहेत. बरोबर आहे, आम्ही ते करूनही बघितलं. सुदैवानं दोन वेगवेगळ्या ओळखीच्यांकडून दोन्ही कॅमेरे आठ-आठ दिवसांसाठी मिळाले, एक डी ३५०० आणि ७०-३००, दुसरा पी ९००. पहिल्याच रात्री चंद्र काढला कारण तो सगळ्यात सोपा, जागेवर असतो आणि भरपूर उजेडाचा असतो. डीएसएलआरवर ३०० ला चंद्राचा व्यास साधारण ७०० पिक्सेल भरला, पी ९०० वर पूर्ण झूमला २४०० च्या आसपास. म्हणजे चौकटीच्या उंचीचा बराचसा भाग भरला. चंद्र बाजूला ठेवून टॉवरवरचा पक्षी धरला तरी हिशोब तोच. मोठ्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल जास्त स्वच्छ असतो यात शंका नाही, पण पक्ष्यावर पिक्सेलच कमी पडले तर स्वच्छ असून काय करायचं?

मग सकाळच्या चाचण्या. पाण्याकाठी एका खांबावर खंड्या ठरलेल्या वेळी येऊन बसतो, तो आमचा मॉडेल. पहिल्या दिवशी डीएसएलआर. बाबांनी डोळ्याला लावला आणि लगेच खूश, कारण ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) खरं दृश्य दिसतं, कुठे अडखळणं नाही, बटण दाबलं की त्याच क्षणी फोटो. वरून घार गेली तीही त्यांनी दोन-तीन प्रयत्नांत चौकटीत पकडली, फोकसही बसला. उडत्या पक्ष्यांसाठी डीएसएलआर किती पुढे आहे हे मला त्या एका सकाळीच कळलं, वेगळं वाचायची गरज राहिली नाही. खंड्या मात्र चौकटीत नखाएवढा.

ब्रिजची सकाळ सुरुवातीला वाईट गेली. पूर्ण झूमवर खंड्या सापडेचना, कारण २००० ला दिसणारा भाग इतका चिंचोळा असतो की हात जरा हलला तरी नुसतं पाणी किंवा नुसतं आकाश. बाबा वैतागले, एकदा तर कॅमेरा माझ्या हातात देऊन बाकावर जाऊन बसले. मग मला लेन्सच्या बाजूचं ते बटण सापडलं, दाबून धरलं की तात्पुरतं झूम मागे येतं, पक्षी मधोमध आणायचा आणि सोडायचं, की परत पहिल्या झूमवर. हे जमल्यावर अर्ध्या तासात बाबांनी खंड्याचे वीसेक फोटो काढले आणि एकात चोचीतल्या माशाचे खवले दिसत होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण उन्हं वर आली तसे फोटो मऊ, म्हणजे धूसर, पडायला लागले. आधी वाटलं कॅमेऱ्यातच खोट आहे, मग लक्षात आलं की मधली हवा तापून हलतेय, लांबच्या टप्प्यात तीच फोटोत उतरते, त्यावर कुठल्याही लेन्सचा उपाय चालत नाही. तेव्हापासून लांबचे फोटो फक्त सकाळी लवकर असा नियम केला.

संध्याकाळी उलट चित्र. तोच खांब, सूर्य बुडाल्यावरची वेळ. लेन्स किती उजेड घेते ते एफच्या आकड्यावरून कळतं; पूर्ण झूमवर ब्रिजची लेन्स एफ ६.५ आणि डीएसएलआरची ३०० ला एफ ६.३, आकडे जवळजवळ सारखे, पण परात आणि वाटीचा फरक इथे दिसला. अंधारात आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा ते सेटिंग) वाढवावा लागतो; डीएसएलआरचा ३२०० आयएसओचा फोटो चालवून घेता येत होता, छोट्या सेन्सरवर ८०० च्या पुढे पिसं जाऊन नुसता रंगाचा लगदा दिसायला लागला. माझ्या लेकीचा नाचाचा कार्यक्रम त्याच आठवड्यात होता, बंद हॉल, स्टेजचे दिवे, हात-पाय हलतायत म्हणून शटर जोरात ठेवायला हवं, तिथे तर ब्रिजचे फोटो मी कोणाला पाठवलेच नाहीत. ज्यांना मुलांचे कार्यक्रम, घरातले समारंभ, रात्रीचे फोटो काढायचेत त्यांनी झूमच्या मोहात पडू नये हे मी अगदी स्पष्ट सांगेन.

मला वाटलं होतं वजन हा तरी ब्रिजच्या बाजूचा मुद्दा असेल, तर तसंही नाही. डी ३५०० बॅटरीसकट ४१५ ग्रॅम आणि ७०-३०० ची हलकी लेन्स साधारण तेवढीच, दोन्ही मिळून ८३० च्या आसपास. पी ९०० एकटा ८९९ ग्रॅम! त्याच्या पुढचा पी १०००, २०१८ चा, ३००० मि.मी. पर्यंत जाणारा, तो तर १४१५ ग्रॅम. बाबांनी तसा वजनाचा ठोकळा हातात धरून बघितला आणि पाच मिनिटांत खाली ठेवला, म्हणून पी १००० तिथेच बाद झाला. बॅटरीतही डीएसएलआर पुढे, कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये साधारण १५५० फोटो, पी ९०० चे ३६०.

मध्ये आठ-दहा दिवस मी एक इंच सेन्सरवाल्या ब्रिजच्याही मागे लागले होते. पॅनासॉनिकचा एफझेड १००० किंवा सोनीचा आरएक्स १० मार्क ४, सेन्सर छोट्यापेक्षा चौपट मोठा, लेन्सही जास्त उजेड घेणारी. पण पहिला ४०० ला थांबतो, म्हणजे परत दुर्बिणीएवढाच, आणि दुसरा ६०० पर्यंत जातो पण आमच्या बजेटच्या पार बाहेर. ज्यांना परवडेल त्यांनी तो जरूर बघावा, घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालेल असा एकच कॅमेरा हवा असेल तर मला त्याहून बरा पर्याय दिसला नाही.

शेवटी ठरलं ते बाबांच्या हातांमुळे. बोटं थोडी थरथरतात. लेन्स बदलताना मी शेजारी उभी होते, एका हातात बॉडी, एका हातात लेन्स, टोपण खिशात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडेल की काय ही भीती. बदलून झाल्यावर म्हणाले, "हे मी परत करणार नाही. एकच लावून ठेवीन." आणि एकच लावून ठेवायची तर ती ७०-३०० असणार, म्हणजे नात पुढ्यात येऊन बसली तर तिचा फोटो निघणार नाही. शिवाय त्यांची मान दुखते. पी ९०० चा स्क्रीन बाहेर काढून फिरवता येतो, त्यामुळे कॅमेरा कठड्यावर टेकवून खाली बघत फोटो काढता येतात, थरथरही कमी होते. डी ३५०० चा स्क्रीन फिक्स आहे आणि स्क्रीनवर बघून फोकस करायला गेलं की तो रेंगाळतो.

दोन याद्या समोर ठेवल्या तर डीएसएलआरच्या बाजूनं मुद्दे जास्त होते हे मी मान्य करते. पण बाबा काढणार काय? दिवसाउजेडी, लांबचे, बहुतेक बसलेले पक्षी, आणि तेही ओळख पटवायला. बाबांनाच विचारलं, त्यांनी एका शब्दात सांगितलं, "लांबचं."

घेतला सेकंड हँड. पहिल्या व्यवहारात मनस्ताप झाला, विकणाऱ्यानं लेन्स एकदम क्लीन आहे म्हणून सांगितलं आणि घरी टॉर्च मारून बघितल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. भांडून पैसे परत मिळाले, पण दोन आठवडे गेले. ब्रिज कॅमेऱ्यात हे जास्त जपायला लागतं कारण लेन्स कायमची बसवलेली, बदलायची सोय नाही, आत धूळ गेली तरी उघडल्याशिवाय साफ होत नाही. दुसऱ्या वेळी तिथेच उभं राहून तपासलं: टॉर्च लावून लेन्सच्या आत बघितलं, पूर्ण झूम बाहेर काढून नळी डुगडुगते का, आत-बाहेर होताना आवाज येतो का, कोऱ्या आकाशाचा फोटो काढून कुठे डाग आहे का. सगळं ठीक होतं, घेऊन आले.

आता घरी सेटिंग ठरवून दिलीत. आयएसओ ४०० च्या वर जायचं नाही. पूर्ण २००० ऐवजी शक्यतो १२०० च्या आत राहायचं, अगदीच गरज पडली तर पुढे. पी ९०० मध्ये रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, नंतर दुरुस्त करता येणारी फाइल) मिळत नाही, त्यामुळे उजेड चुकला तर नंतर फारसं सावरता येत नाही, म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं खाली ठेवायला शिकवलं, पांढऱ्या बगळ्यांसाठी तर हमखास. दुसरी बॅटरी कायम खिशात. लेकीचा पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा मी डीएसएलआर मागून आणणार आहे, ते काम बाबांच्या कॅमेऱ्याकडून होणार नाही हे आम्ही दोघांनीही मान्य केलंय.

टॉवरचा फोटो चौथ्या दिवशी निघाला. सकाळचे सव्वासहा, ऊन यायचं होतं, कॅमेरा कठड्यावर उशी ठेवून त्यावर. पक्षी घरट्यावरून उठून पाठमोरा बसला होता. फोटो झूम करून बघितला तर कडा जरा मऊ आहेत, मागचं आकाश दाणेदार आहे, पण शेपटीच्या टोकाची खाच स्वच्छ दिसते. बाबांनी वहीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, घार. मग मित्राला फोन लावला.