टगेगिरी

माझगावच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे काका मुंबई बंदरात टगवर सारंग होते. ‘टग’ हा शब्द इंग्रजीतून आला आहे हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हते, आणि मराठीतला टग्या मात्र नाक्यावर रोज दिसत असे. त्यामुळे एवढा सज्जन माणूस दिवसभर कुठे टगेगिरी करायला जातो, याचे आम्हाला बरेच दिवस कोडे होते. टग म्हणजे ओढनौका असे पुढे शाळेत शिकवले गेले, पण ओढनौका म्हणणारा माणूस मला धक्क्यावर आजवर भेटलेला नाही.

गेल्या डिसेंबरात पाहुण्यांना घेऊन घारापुरीला गेलो होतो. त्रिमूर्ती पाहून झाल्यावर मंडळी मक्याच्या कणसांमागे लागली आणि मी दुर्बीण घेऊन तोफांच्या टेकडीवर चढलो. तिथून पूर्वेला न्हावा-शेवा समोरच दिसते. 1989 साली हे बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरचा व्यापार हळूहळू मुंबईच्या गोद्या सोडून खाडीपलीकडे गेला, हे चाळीत आम्ही काकांच्या तोंडून अनेकदा ऐकलेले. धक्क्याला एक जहाज निघण्याच्या तयारीत होते. लांबी असेल साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा डब्यांच्या लोकलहूनही थोडी जास्तच. त्याच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, एक आणि मागच्या बाजूला एक, अशा दोन टगा दोर बांधून थांबल्या होत्या. त्या इतक्या लहान दिसत होत्या की त्या जहाजाला ओढणार आहेत यापेक्षा त्याच्याकडे काही मागायला आल्या आहेत असेच वाटावे.

एवढ्या अवाढव्य इंजिनाच्या जहाजाला या चिमुकल्यांची गरज का पडते, हे काकांनी मला एकदा चहा पिता पिता समजावले होते. अशा जहाजाचे इंजिन सहसा थेट पंख्याला जोडलेले असते; मध्ये गिअर नाही, क्लच नाही. मागे जायचे तर इंजिन बंद करून उलटे सुरू करावे लागते, आणि त्याची सर्वांत मंद चालसुद्धा धक्क्याजवळ धोक्याची ठरते. शिवाय सुकाणूवरून पाणी वेगाने वाहिले तरच सुकाणू काम करते. जहाज थांबले की ते नुसते लोखंडी फळकूट. त्यात डेकवर रचलेल्या कंटेनरांच्या भिंतीवर वारा आपटला की तीच भिंत शिडासारखी वागते आणि जहाजाला नको तिकडे रेटते. म्हणजे जे भर समुद्रात हजारो मैल बिनधास्त जाते, त्याला धक्क्यापासून शंभर मीटर बाजूला सरकणे अवघड असते. कर्जतला गाडीच्या पाठीला लागणारे आणि घाट चढून झाला की सुटणारे बँकर इंजिन आपल्याला ओळखीचे आहे. टगेचे काम तसेच, पण दोराने, आणि डुलत्या पाण्यावर.

आजच्या टगेच्या तळाशी असलेले पंखे हव्या त्या दिशेला वळवता येतात, त्यामुळे ती पुढे, मागे, आडवी, कशीही जोर लावू शकते. तो जोर मोजायची रीत मला फार आवडते: धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला टग बांधायची, पूर्ण ताकदीने ओढायला लावायची आणि दोरावर किती टन ताण आला ते वाचायचे. तीस मीटरच्या टगेला साठ टन सहज भरतात. धोकाही त्या दोरातच असतो. जहाजाने वेग घेतला आणि टग दोरासकट आडवी खेचली गेली, तर ती पाहता पाहता उलटते. म्हणून दोर क्षणात सोडता येईल अशी सोय टगेवर ठेवलेली असते.

बहुधा हे जहाज भरतीचे पाणी चढण्यासाठीच थांबले असावे. (उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढणार असले की वर्तमानपत्रे ‘साडेचार मीटरच्या लाटा’ छापतात, काका त्यावर दरवर्षी न चुकता चिडतात.) धक्क्यावरचे दोर एकेक करून सुटले. जहाजाला बंदराबाहेर नेणाऱ्या पायलटचा हुकूम वायरलेसवर गेला असणार, कारण दोन्ही टगांच्या मागे एकाच वेळी पाणी उसळले. मग बराच वेळ काहीच घडले नाही. मी दुर्बिणीतून क्रेनचा एक खांब धरून ठेवला होता म्हणूनच मला कळले, की जहाज आणि धक्का यांच्यामध्ये आता पाण्याची एक पट्टी आहे. जहाज वळून खाडीच्या तोंडाकडे लागले आणि बेटाच्या बाजूने जवळून जाऊ लागले, तेव्हा त्याच्या निळ्या कुशीवर पांढऱ्या रंगात बाण आणि ‘टग’ अशी इंग्रजी अक्षरे दिसली. आतला सांगाडा जिथे भक्कम असतो तिथेच टगेने नाक टेकून रेटायचे. दुसरीकडे रेटले तर पत्र्याला पोचा येतो.

रात्री परत आल्यावर मी हे सगळे काकांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आधी दोर कुठला सोडला रे? नाळेचा की मागचा?”

मला सांगता येईना. त्या वेळी मी जहाजाचा फोटो काढत होतो.