आमची वाटचाल : हजेरीच्या बिलापासून पगाराच्या स्लिपपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये आम्ही पोरांना काम शिकवून नोकरीला लावायची ट्रेनिंग संस्था सुरू केली तेव्हा आमच्याकडं एक जुनी लेथ, चार शिलाई मशीन आणि एक फळा एवढंच होतं. मी आधी फौंड्रीत सुपरवायझर, मिसेस घरी शिलाईचे क्लास घ्यायच्या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे मालक लोक म्हणायचे पोरं मिळंनात आणि तिकडं राधानगरी-शाहूवाडीत शिकलेली पोरं पारावर बसून, मग म्हटलं ह्या दोघांची गाठ घालून देऊया, ह्यातच धंदा आहे.

पहिली काही वर्षं सरकारी ट्रेनिंगचं काम म्हणजे हजेरीचं काम. पोरगं इतके तास बसलं, मस्टरवर सही झाली, लाव बिल. पुढं त्याचं काय झालं हे कुणी विचारायचंच नाही. ह्याच्यात काही संस्था नुसत्या कागदावर मोठ्या झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं पैसे निकालाला बांधायचं वारं सुटलं तेव्हा मला बरंच वाटलं. 2014 ला दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली, तिच्यात नियमच होता की शिकवलेल्यांपैकी किमान 70 टक्के पोरं नोकरीला लागली पायजेत, आणि नोकरी म्हणजे तीन महिने टिकलेली नोकरी, नुसतं ऑफर लेटर चालणार नाही. पैसे 25, 50, 15, 10 टक्के अशा हप्त्यांत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 30 टक्के पैसे बॅच सुरू झाल्यावर, 50 सर्टिफिकेटवर आणि 20 नोकरीवर. सकाळी ऑफिसात आल्या आल्या आम्ही "किती आले" विचारायचो, ते "किती टिकले" विचारायला लागलो. हा बदल चांगलाच होता, अजूनही तेच म्हणतो.

पण आम्ही जे काम घेतलं (नाव राहू दे) त्यात मोठा हप्ता होता सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपवर. ऐकायला सोपं. आता शिरोलीच्या एका कारखान्यातलं बघा, पोरगं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) लागलं, शिफ्ट करतंय, घरी पैसे पाठवतंय, पण पगार लेबर कॉन्ट्रॅक्टर देतो, थोडा बँकेत थोडा रोख, आणि स्लिप म्हणजे वहीच्या पानावर आकडा आणि सही. तपासणीला साहेब आले, वही उलटीपालटी करून बघितली, म्हणाले, "ह्याच्यावर पीएफ नंबर कुठाय?" पोरगं समोर मशीनला उभं, हाताला कूलंट लागलेलं, साहेबांना नमस्कार करतंय, आणि शेरा पडला "प्लेसमेंट आढळली नाही". साहेबांचा पण इलाज नव्हता म्हणा, त्यांच्या फॉर्मात पोराला रकाना नव्हता, स्लिपला होता.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, पोरं आपापल्या गावात अडकलेली, कारखाने बंद, त्या दिवसांचा पगार कापला. नोकरी कुणाची गेली नव्हती, पण "सलग" ह्या एका शब्दात आमची बॅच अडकली. कंपनीची पत्रं जोडली, पंचनामे जोडले, काही पोरं मान्य झाली, काही नाही. ट्रेनरचे पगार, हॉस्टेलचं भाडं, मेस सगळं आम्ही आधीच देऊन बसलेलो आणि बँकेचं व्याज मात्र खरोखर सलग चालू होतं.

पैशापेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच. आमचा मोबिलायझर, गावोगाव फिरून पोरं गोळा करणारा, हुशार गडी. तो म्हणाला, "सर, शहरातली आयटीआय झालेलीच पोरं घेऊया की, ती लागणारच आहेत, आपला टक्का बसतोय." त्याला काय बोलणार, टेंडरच त्याला हे शिकवतंय. त्याच आठवड्यात चंदगडकडच्या एक मावशी नववी नापास पोरीला घेऊन आल्या, म्हणाल्या, "सर, शाळंत मागं होती पण हातानं लई चलाख हाय, घ्या की." घेतलं. पोरगी शिकली, इचलकरंजीत गारमेंटला लागली, दुसऱ्या महिन्यात आई आजारी म्हणून घरी गेली ती गेलीच, आता गावातच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, घर चालवते. आमच्या हिशोबात ती शून्य. आणि आमच्याशिवाय पण ज्याला नोकरी मिळाली असती ते शहरातलं पोरगं पूर्ण शंभर टक्के.

हे आपल्याकडचंच रडगाणं असेल असं वाटायचं, पण ब्रिटनमध्ये 2011 ला बेरोजगारांसाठी वर्क प्रोग्रॅम काढला, त्यात पण कंपन्यांना पैसे मुख्यतः माणूस नोकरीत टिकला तरच, तिथं पण हेच झालं. त्यांनी तर नोकरीला लावायला अवघड माणसाला जास्त दर ठेवला होता, सोप्याला साधारण 3,800 पौंड तर सगळ्यात अवघड गटाला 13,700 पर्यंत, तरी कंपन्यांनी सोपी माणसं पुढं काढली आणि अवघड बाजूला बसवून ठेवली. म्हणजे नुसता दर वाढवून भागत नाही, माणूस सुरुवातीला कुठं होता ते पण धरावं लागतं.

ते कसं धरायचं ह्याची उदाहरणं पण आहेत. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात 2010 ला जगातला पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड झाला, म्हणजे कामाला आधी पैसे बाहेरच्यांनी लावायचे आणि निकाल आला तरच ते परताव्यासकट परत मिळायचे, सुटलेले कैदी परत गुन्हा करतात का हे बघायला त्यांची तुलना दुसऱ्या तुरुंगांतल्या तशाच कैद्यांशी केली. टार्गेट 7.5 टक्के घट, झाली 9 टक्के, पैसे लावणाऱ्यांना परतावा मिळाला. समजा आमच्या वेळी अशी तुलना असती तर पूर सगळ्यांनाच लागलेला दिसला असता ना! आपल्या राजस्थानात भिलवाड्याला 2015 ते 2018 मुलींच्या शिक्षणाचं काम असंच झालं, शिकण्यातली प्रगती दुसऱ्या गावांतल्या पोरांशी ताडून बघितली, टार्गेटच्या 160 टक्के. बरीचशी प्रगती शेवटच्या वर्षात दिसली, पहिल्याच वर्षी निकाल मागून काम बंद केलं असतं तर सगळं फेल धरलं गेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम करणाऱ्या संस्थेला आधी पैसे एका फाउंडेशननं दिले होते, निकाल नाही आला तर बुडणार ते फाउंडेशन. आमच्यासारख्या छोट्या फर्मला इथं घर गहाण टाकून निकालाची वाट बघायला लागते, हा फरक कुणी धरतच नाही.

आता आम्ही टेंडर आलं की आधी पेमेंटची अट वाचतो, मग रक्कम. प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरायच्या आधी शंका विचारायच्या बैठकीला, मी आणि आमच्या अकाउंट बघणाऱ्या वहिनी जातो आणि तेच तेच विचारतो, स्लिप नसेल तर बँकेचं स्टेटमेंट चालेल का, घरून धंदा करणारी बाई नोकरीत धरणार का, पूर आला तर मुदत थांबणार का, दहावीच्या आत शिकलेल्या पोराला वेगळं टार्गेट आहे का. लोक हसतात, आले बघा कोल्हापूरचे. पण मागच्या एका कामात शुद्धिपत्रक (टेंडरच्या अटीतली दुरुस्ती) निघालं, बँक स्टेटमेंट आणि आपत्तीत मुदत थांबवायचं दोन्ही मान्य झालं, ते काम आम्ही घेतलं. त्यानंतरचं एक होतं रकमेनं दुप्पट, 80 टक्के प्लेसमेंट आणि बाकी प्रश्नांना "निविदेनुसार" एवढंच उत्तर, ते सोडून दिलं. मिसेस अजून त्यावरनं टोमणे मारतात, मारू देत.