आता दुखत नाही

मंगळवार, रात्री

काकू आज हसत आल्या. "मॅडम, आता रात्री जाग येत नाही. दुखायचं थांबलं!" त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मला बोलायलाच सुचेना. अंगठ्याखालचा उंचवटा पार बसलाय, बोट टेकेल एवढा खळगा. तळवा वर करून अंगठा छताकडे उचलायला सांगितला, तर माझ्या एका बोटाच्या दाबानं खाली गेला. ब्लाउजचे हुक सून लावून देते, हे जाता जाता कळलं.

कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोळातून (कार्पल टनेल) बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि अंगठ्याकडच्या बोटांची मीडियन नस जाते, तिथेच ती दबते. मुंग्या येतात तोवर नस तक्रार करत असते. मुंग्या थांबून बोटं कायमची बधिर झाली, तर तिची तक्रार करायची ताकदच गेलेली असते.

मागच्या वर्षी "पट्टा लावून बघू" म्हणणारी मीच. तेव्हा ते चूक नव्हतं. मुंग्या फक्त रात्री, हात झटकला की जायच्या, अंगठ्यात जोर पूर्ण. अशा वेळी मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री सहा आठवडे, शुगर आणि थायरॉइडची तपासणी, लागलं तर एक इंजेक्शन. गरोदरपणातलं दुखणं तर बहुतेकदा बाळंतपणानंतर ओसरतं. थांबायला सांगितलं ते ठीकच, पण कधीपर्यंत ते सांगितलं नाही. काकू थांबल्या. मी म्हटलं म्हणून थांबल्या.

असो. माझ्या हळहळण्यानं तो अंगठा उचलणार नाही. उद्या सर्जनकडे चिठ्ठी, आधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी. भूल फक्त हातापुरती, दोन-तीन सेंटिमीटरची चीर, दहा-पंधरा मिनिटांचं काम, टाके 10 ते 14 दिवसांनी. अवघड आहे ते पुढचं. वेळेत ऑपरेशन झालेला माणूस लगेच शांत झोपतो, त्याला फरक कळतो. काकूंना कसला फरक कळणार? उलट तळव्याच्या बुडाशी दाबलं की दोन-तीन महिने दुखेल, आणि त्यांना वाटेल, होतं तेच बरं होतं. नस पुन्हा वाढलीच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. बोटांच्या टोकापर्यंत सहा महिने सहज. खळगा कदाचित भरणारही नाही. हे सगळं त्यांना आधीच सांगायला हवं, सुनेसमोर.

डाव्या हाताला रात्री मुंग्या येतात म्हणाल्या. पट्टा दिला आणि खोक्यावर पेनानं तारीख घातली, आजपासून बरोबर सहा आठवडे. खाली लिहिलं: मुंग्या दिवसाही राहिल्या किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर या तारखेची वाट बघू नका.